एक फरशी वर

बाळा,

गाडी दारात उभी आहे, म्हणून घाईत लिहितेय. ताईकडे पंधरा दिवस राहून येईन. तोवर पोहण्याचा तलाव तुझ्या भरवशावर.

पंप रोज सकाळी दोन तास चालव. क्लोरीन ऊन उतरल्यावर टाक, मागच्यासारखं भर दुपारी नको.

आणि आता बोलतेच. तुझ्या लेकीला, आपल्या मासोळीला, तिची आई घेऊन गेली, त्याला चार वर्षं झाली. तरी तू पाणी अजून तिच्या तेव्हाच्या छातीइतकंच ठेवतोस, दुसऱ्या निळ्या फरशीपर्यंत. पाणी इतकं खाली, की वर तरंगणारा पाला कडेच्या गाळणीच्या टोपलीत वाहून जातच नाही. मग रोज जाळी घेऊन वाकते कोण? मी. दुःख तुझं आणि कंबर माझी!

तेव्हा पाचाची होती, आता नऊची झाली रे. सुट्टीत आलीच, तर एवढ्याशा पाण्यात काय डुंबणार? आजच एक फरशी वर भर.

हे अंदाजाने सांगत नाही. काल सूनबाईला फोन करून मी पोरीची उंची विचारली. तिने लगेच तिला भिंतीशी उभं करून मोजली. विचारायचाच काय तो अवकाश होता.

— आई