मंगलाष्टका चालू असताना आत्या कुठे होती

आई,

तुझ्याशी भांडायचं आहे आणि तू नाहीस, ही माझी मोठी पंचाईत झाली आहे. असतीस तर उठून घणसोलीला आले असते, स्वयंपाकघरात तुझ्यासमोर उभी राहिले असते आणि एवढंच विचारलं असतं, की मला का नाही सांगितलंस? तू कालवण ढवळत राहिली असतीस आणि म्हणाली असतीस, आधी जेव. म्हणून लिहितेय. हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. आत्या पलीकडच्या खाटेवर पडून माझ्याकडे बघतेय. तिला वाचता येत नाही, त्यामुळे लपवायचंही कारण नाही.

ती मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आता हिला एकटीला सोडू नका असं डॉक्टरांनी सांगितलं. दादाने मला बोलावून घेतलं. वहिनीचे गुडघे गेलेत, वरच्या खोल्या भाड्याने दिल्यात, खाली जागा नाही, असं त्याचं चाललं होतं. मी भडकलेच. म्हटलं, जन्मभर ती तुमच्या घरात राबली, तुमची पोरं तिने वाढवली, आणि आता माझ्याकडे ढकलता? सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं करून मी आत्ता कुठे मोकळी झालेय. खांदेश्वरला आमच्या इन मिन दोन खोल्या, त्यात हे रिटायर होऊन दिवसभर घरात. मी कुठे ठेवू तिला? आवाज चढले. वहिनी दादाला गप्प बसा, गप्प बसा म्हणत होती, पण त्याचं डोकं फिरलं होतं.

"तुझी आय हाय ती," तो म्हणाला. "तू नाय बगनार तर कोन बगल?"

मला वाटलं, रागाच्या भरात काहीतरी बरळतोय. मग वहिनीचा चेहरा पाहिला. तिलाही माहीत होतं, म्हणजे काल आलेल्या सुनेलासुद्धा माहीत आणि मी मात्र येडी! दादा मग खाली बसला आणि माझ्याकडे न बघता सांगत गेला. आत्याचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. तू तिला घेऊन खाडीपलीकडे तुझ्या माहेरी गेलीस, कितीतरी महिने राहिलीस आणि परत आलीस ती मला पदराखाली घेऊन. दादा नुकता शाळेत जायला लागला होता. तुझं पोट कधी दिसलंच नव्हतं, एवढं त्या वयातही त्याला कळत होतं. तू त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून त्याला शपथ घातलीस. बाप कोण, ते त्यालाही ठाऊक नाही. बाबांनी म्हणे तो विषय घरात पुन्हा काढू दिला नाही.

त्या दिवसापासून मी जुनं सगळं उकरत बसलेय. मी सहा-सात वर्षांची असेन, अंगात ताप भरलाय, आत्याच्या मांडीवर डोकं आहे आणि मी तिला ग्लानीत आई म्हणते. तू आलीस आणि माझ्या कानाखाली वाजवलीस. तापलेल्या पोरीच्या! आत्या मला खाली ठेवून चुलीकडे गेली. मग तूच पडवीत बसून रडत होतीस. तुझं मला कधी कळलंच नाही बघ. पुढे आत्याला स्थळं आली, तिने एकही होऊ दिलं नाही, आणि आम्ही पोरं तिला हट्टी म्हणून चिडवायचो.

आणि माझं लग्न. मंगलाष्टका सुरू झाल्या की नवरीच्या आईने मांडवात थांबायचं नसतं, मागे जाऊन तुळशीला पाणी घालत बसायचं, हे काय तुला माहीत नव्हतं? पण तू माझ्या अगदी समोर उभी होतीस, मूठ भरभरून अक्षता टाकत. मोठ्या काकूंनी तुला दोनदा दटावलं, अगो तू जा ना मागं. तू जागची हलली नाहीस. मी आत्याला शोधत होते. लग्न लागलं, वाजंत्री वाजली, तरी तिचा पत्ता नाही. मग मागच्या दारातून आली, साडीचा काठ ओला, हातात रिकामा तांब्या. मला इतका राग आला, की निघताना मी तिच्या गळ्यात पडलेच नाही. माझ्या डोक्यावर दोन अक्षता टाकायला हिला वेळ नाही, हे मी पुढे कित्येक वर्षं नवऱ्याला ऐकवत आले.

आता कळतंय, तुळशीजवळ कोण बसलं होतं आणि कुणी बसवलं होतं. सगळ्या गावादेखत तू रीत मोडलीस आणि तिचा मान तिला दिलास. पण दिलास काय, तर पोरीचं लग्न न बघण्याचा मान! यावर तुझ्या पाया पडू की तुझ्याशी बोलणं टाकू, मला खरंच समजत नाही.

तिला घेऊन आले शेवटी. ह्यांना हाड जुळेपर्यंत म्हणून सांगितलंय. रोज तिला न्हाऊ घालते, वेणी घालते, आणि रोज ठरवते, आज हिला सांगायचं की मला कळलंय. सांगायचं आणि एकदा तरी आई म्हणायचं. तिच्याकडे किती दिवस उरलेत कोण जाणे. पण तो शब्द तोंडात आला की तूच समोर येतेस, आणि मी विचारते, आत्या, चहा टाकू?

काल तिला तपासायला नेलं. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची बाई भेटली. कौतुकाने म्हणाली, आई का तुमची? चेहरा अगदी सेम आहे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात व्हीलचेअरवरून आत्याच म्हणाली, "नाय गो बाय. मी आत्या तिची." बाईकडे बघून हसलीसुद्धा. तुला दिलेला शब्द तिने अजून सोडलेला नाही. लिफ्ट खाली पोचायला वेळ होता, मला बोलता आलं असतं. मी गप्प राहिले. आणि तुला म्हणून सांगते, आई, मला हायसं वाटलं.