ओटी भरून झाली आहे

दीपमाला,

तुझे बाबा झाले ते १९७४ साली. दोन वर्षांनी मुलगी झाली, ती पिवळी पडली आणि पाचवी पुजायच्या आत गेली. "नजर लागली पोरीले," सासूबाई म्हणाल्या. माझं रक्त निगेटिव्ह, लेकरांचं पॉझिटिव्ह, आणि तुझ्या बाबांच्या वेळी सुई मिळाली नाही म्हणून असं झालं, हे फार उशिरा कळलं. तुझं रक्तही निगेटिव्हच आहे. आजची सातव्या महिन्याची सुई पुढच्या लेकराला जपते, डोहाळजेवण आजच आहे म्हणून ती टाळू नकोस. सातव्या महिन्यात ओटी भरल्याशिवाय आपल्यात गावाची शीव ओलांडत नाहीत, म्हणून तू झोपेत असतानाच तुझ्या ओढणीला तांदूळ-नारळ बांधून ओटी भरली. बाबांबरोबर सुई घ्यायला चिखलीला जा. मी बायकांना "उद्या या" म्हणून सांगायला गेले आहे.

त्या मुलीचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. बाबा एकटेच वाढले. तुझ्या बाळाला भावंड मिळू दे.

आजी