राहते घर नर्सबाईंना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणायला मला तीन तास बसमध्ये आदळत जावे लागले. दाखला सोबत जोडला आहे.

मला मुलगा एकच. तो शहरात जागा घेण्या-विकण्याचा धंदा करतो. हे वाचून तो चिडणार, म्हणून कारणे सविस्तर देते.

१. माझे राहते घर, तीन खोल्या व मागचे अंगण, माझ्या पश्चात नर्सबाईंना मिळावे. अट एवढीच, की त्यांनी इथे मुक्कामाला राहावे आणि पुढच्या खोलीत रोगी तपासावेत. त्यांची बदली झाल्यास घर त्यांच्या जागी येणाऱ्या नर्सकडे जावे. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, अशी अट कोर्टात टिकायला अवघड." मी म्हटले, "मग टिकेल अशी भाषा शोधा. फी त्याचीच घेता ना?"

कारण असे. माझ्या नवऱ्याच्या छातीत कळ आली तो गुरुवार होता. नर्सबाई मंगळवारी आणि शुक्रवारी येत. नवऱ्याने विचारले, "आज वार कोणता गं?" मी सांगितले. म्हणाले, "मग उद्यापर्यंत काढतो." पहाटेच गेले.

तेराव्या महिन्यात मी आरोग्य खात्याच्या साहेबांपुढे उभी राहिले. ते कागदातून वर न बघता म्हणाले, "पूर्णवेळ नर्सला तीन हजार लोकसंख्या लागते. तुमची चारशेसुद्धा भरत नाही, त्यातही सगळे म्हातारे. शिवाय राहायला जागा कुठंय?" मी विचारले, "जागा दिली तर?" म्हणाले, "तर खास बाब म्हणून बघू." ते मी लिहून घेतले. तोही कागद जोडला आहे. मुलाच्या गल्लीत डॉक्टरांच्या पाच पाट्या आहेत, त्यातली एक फक्त कुत्र्यांची. ती वाचून मला शिसारी आली होती. कुत्र्यांवर माझा राग नाही.

२. शिलाई मशीन, कात्र्या व इस्त्री गिरणीवालीच्या सुनेला द्यावी. चाळिशीच्या आतली गावात ती एकटीच बाई उरली आहे. मशीन कामाला लावावे. बघायला ठेवू नये.

याचेही कारण आहे. या मशीनवर मी शाळेचे गणवेश शिवले. सुरुवातीला रात्रंदिवस शिवूनही पुरे पडत नसत, शेवटच्या वर्षी अकरा शिवले. अकरा मुले निकषात बसत नाहीत म्हणून शाळा बंद झाली. ती इमारत माझ्याच मुलाने घेतली आणि शहरातल्या लोकांसाठी सुट्टीचे घर केले. बाकांवर आता पाहुणे जेवतात. मला म्हणाला, "आई, तू मशीन घेऊन व्हरांड्यात बस."

"काय शिवू?"

"काही नाही गं. नुसते पाय हलवत राहा. लोकांना आवडतं."

पोटचा मुलगा म्हणून एक दिवस बसले. एका बाईने माझा फोटो काढला आणि मुलीला म्हणाली, "बघ, पूर्वी लोक असे जगायचे." मी म्हटले, "पूर्वी नाही, बाई. आत्ता." ती हसली. तेही दाखवण्यातलेच आहे असे तिला वाटले. मी उठले. तसेच मशीन हातगाडीवर घालून घरी आणले.

३. बँकेतल्या शिलकेतून छत दुरुस्त करावे, रोग्यांसाठी खाट आणि आत संडास करावा. उरलेल्या कापडाच्या चादरी कराव्यात. गणवेशाचा निळा रंग आहे, चालेल.

४. मुलाला मी काहीही ठेवलेले नाही, आणि हे विसरून झालेले नाही. त्याचे शिक्षण या मशीनवर झाले, तो त्याचा वाटा. गेल्या महिन्यात तो म्हणाला, "आई, घर माझ्या नावावर कर. पाहुण्यांच्या पाच खोल्या निघतात." बाप ज्या खाटेवर गेला तिच्यामागच्या भिंतीला तो टेप लावून मापे घेत होता. मी टेपचे दुसरे टोक धरले होते. त्यामुळे मला स्वतःचीच किळस येते.

तरी तो इथे आजारी पडला, तर नर्सबाईंनी त्याला तपासावे. मात्र रांगेत बसवावे. घरमालकिणीचा मुलगा आहे म्हणाला, तर "बसा" म्हणावे.

साक्षीदारांविषयी : ज्याला लाभ मिळतो त्याने साक्ष करू नये, म्हणून नर्सबाई आणि गिरणीवालीची सून बाद. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदार तुमच्यामागे जगेल असा हवा. तसा माणूस दोन दिवस घरोघर शोधला. शेवटी आज सकाळची बस दारात थांबवली. आत एकच प्रवासी होता, त्याने हरकत घेतली नाही.

लिहून ठेवणार : (सही) शिवणकामवाली

साक्षीदार :
१. (सही) बसचे कंडक्टर, वय ३४, या गावचे रहिवासी नाहीत.
२. (सही) बसचे चालक, वय ४६, या गावचे रहिवासी नाहीत.

स्थळ : माझ्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार. नर्सबाईंचा वार नाही.