फळ्यावरचं नाव

निगडी, ४ ऑक्टोबर २०२४

चि. निरंजन यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सायरनने कान गेले, फोनवर कळत नाही, म्हणून पत्र. आमच्या बंद पडलेल्या कंपनीचं साठ वर्षांचं फायर स्टेशन तू राहायला घेतलंस, बरं वाटलं. बंब उभे राहायचे तिथे दिवाणखाना होणार म्हणे! कर बाबा, हौसेला मोल नाही.

एकच मागणं. आत काच बसवलेला फळा आहे. आगीवर निघताना जवानाने त्यावर आपलं नाव लिहायचं, परतल्यावर स्वतःच पुसायचं, हा आमचा रिवाज. चाकणच्या गोदामाच्या आगीतून आमचा पोरगा गणराज परतला नाही. नाव त्याच्या अक्षरात अजून आहे, काच त्यासाठीच नंतर बसवली. तो गेल्याचं तुझ्या काकूला हल्ली आठवत नाही. तो कुठे आहे विचारत बसली की तिला फळा दाखवून आणतो. नाव दिसलं की अजून कामावर आहे म्हणते आणि घरी येऊन जेवते. तेवढं नाव राहू दे.

लोभ आहेच, तो फळ्यावरही असू दे.
तुझा ज्योतीरामकाका

रावेत, २० ऑक्टोबर २०२४

ती. काकांना सा. न.

फळा ठेवलाय हो! आमचा डिझायनर त्यावर फिदा आहे. काच काढून स्वच्छ पुसला, वास्तुशांतीचा मेनू त्यावरच लिहिणार. वारलेल्या माणसाचं नाव नव्या घरात असणं तुमच्या सूनबाईला, योगिनीला, अशुभ वाटलं. तिचंही बरोबरच. तुम्ही एवढ्या आगी विझवल्यात, खडूच्या चार अक्षरांसाठी काय जीव टाकायचा!

चोवीस नोव्हेंबरला जुना युनिफॉर्म घालून या आणि स्टेशनची घंटा वाजवा, पाहुण्यांना मजा येईल. काकूलाही आणा, फक्त तिला जरा सांभाळा.

लोभ असावा, उशीर नसावा.
आपला निरंजन

निगडी, २ डिसेंबर २०२४

चि. निरंजन यास आशीर्वाद.

युनिफॉर्म पोटावर बसत नव्हता, तरी घालून आलो. घंटा वाजवली, टाळ्या पडल्या. गणराजच्या नावाच्या जागी बासुंदी लिहिली होती. काकूने तुझा हात धरून विचारलं, नाव पुसलंय म्हणजे पोरगा आला का. तू सगळ्यांदेखत म्हणालास, आलाय की, वर अंघोळ करतोय, घरी जेवायला येईलच. पाहुणे हसले. मीही हसलो, त्याची मला लाज वाटते.

तेव्हापासून ती रोज त्याचं ताट वाढून दारात बसते. तो आल्याशिवाय घास घेत नाही. चहावर आहे.

तेरा वर्षांपूर्वी तो गेल्याचं तिला मीच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा माझ्याने होणार नाही. तू ये आणि सांग. मग लोभ ठेव, न ठेव.

काका