एकदाच विचारतात

१४ जाने.
पोलंडहून येऊन महिना होत आला. रोज ठरवतो लिहू, रोज टाळतो. आज संक्रांत, तिळगूळ द्यायला कोणी येणार नाही, म्हणून बसलो. अमरावतीत भाड्यानं खोली केली आहे. दादा-वहिनी अकोल्याला, पण त्यांच्या दोन खोल्यांत मी कुठं मावतो. तिथं ज्या गोदामात कामाला होतो त्यांचा मेसेज: परत येतो का नाही, महिनाअखेर कळव.

१६ जाने.
मेसचं ताट ऐंशी रु. पोळ्या पाहिजे तेवढ्या. तिथं देशी हॉटेलात असंच ताट आठशेच्या वर, कांदा वेगळा. पण तिथं नळाचं पाणी बिनघोर प्या, बस वेळेवर, साहेबसुद्धा प्लीज म्हणतो. इथं पाण्याची कॅन विकत अन् रस्ता ओलांडायचा तर... जाऊ दे. हिशोब अर्धवट टाकून गिला वडा खायला गेलो. दही आंबट होतं. सांगायला बाजूला कोणी नाही. तिथंही नव्हतं.

१९ जाने.
अकोल्याला गेलो होतो. चहा झाला, उठलो. वहिनी रीतीप्रमाणं म्हणाली, "भाऊजी, जेवूनच जा आता." मी लगेच, "हो, जेवतो."
तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दादा हसला, "पोलंडात उपाशी ठेवत होते का बे तुले?"
आपल्याकडं दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा बसायचं. विसरलोच. तिथं पहिल्या आठवड्यात सोबत काम करणाऱ्या बाईनं सूप पुढं केलं, मी आपलं "नको, झालं." तिनं झाकण लावलं, पुन्हा विचारलं नाही. दिवसभर उपाशी. तेव्हापासून पहिल्या वेळीच हो म्हणायची सवय.
भाकर, वांग्याचं भरीत. मस्त. हात धुवायला आत गेलो तर टोपलं रिकामं, भरताचं पातेलं पुसलेलं. वहिनीनं स्वतःच्या वाटचं मला वाढलं होतं. एसटीत नुसता बसून राहिलो.

२५ जाने.
दादाचा फोन. "येत काहून नाही बे?" काम आहे म्हटलं. कसलं काम.
मागून वहिनी: "जेवले का विचारा त्याईले."
दादा: "जेवला म्हणते."
त्यावर मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

२८ जाने.
गोदामवाल्यांना 'येतो' टाइप केलं. पाठवलं नाही. मोबाईलचं कव्हर फाटलंय, नवं बघत बसलो. मेसला गेलो नाही. तिथं निदान माझ्यामुळं कोणी उपाशी राहत नव्हतं.

३० जाने.
दुपार. मेसेज तसाच. आत्ता खालून घरमालक चाचांची हाक: "ओ पोलंड, नीचे आ. अकोल्याहून तुझी भावजय आली, अकेली."
वहिनी एकटी गावाबाहेर कधी जात नाही. खिडकीतून वाकून पाहिलं. चप्पल काढून पायरीपाशी उभी. हातात डबा नाही, काही नाही. वर बघून म्हणाली,
"भाऊजी, जेवाले आली मी."
माझ्याकडं ताट एकच आहे.