यरुशलेमच्या मातीची वाटणी

मी शालोम हसाजी झिराडकर, जात बेने इस्राएल (यहुदी), वय चोवीस, धंदा सुतारकाम, राहणार नवी पेठ, सोलापूर. माझे डोके ठिकाणावर आहे, छाती मात्र राहिलेली नाही. डॉक्टरांनी आशा सोडली म्हणून हे मृत्युपत्र लिहितो. कोणी भरीस घातलेले नाही.

१. रंधे, पटाश्या व करवती माझा जोडीदार राजेसाब याच्या. मोठ्या करवतीचा एक दात पडला आहे, तो त्याने आधीच पाहून घ्यावा.

२. भांडी, पलंग व पोस्टातील शिल्लक आई मिल्काबाई हिची.

३. समोरचे दुकानदार कल्लप्पा यांना एक उत्तर तेवढे देणे आहे. ते चारचौघांत म्हणत, "शनवारी रंधा बंद, घरात देव न्हाय, आन् आडनाव आमच्यासारकं! तुमी मूळचे कुटले?" आमचे वाडवडील इस्राएल देशातून निघाले. गलबत कोकणात नवगावापाशी फुटले. सात पुरुष व सात बाया वाचल्या, असे बाबा सांगत. पोथ्या बुडाल्या. शनवार पाळणे आणि 'शेमा' ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. किती शतके झाली ते मला खात्रीने ठाऊक नाही, म्हणून आकडा लिहीत नाही.

४. आमच्यात मयताच्या डोळ्यांवर यरुशलेमची माती घालतात. बाबा मोठ्या लढाईत पलटणीबरोबर तिकडे गेले, तेव्हा त्यांनी डबीभर आणली, स्वतःपुरती आणि आईपुरती. तीन वर्षांमागे ते वारले. आईच्या वाट्याचे भान राहिले नाही. मी सगळी डबी त्यांच्या डोळ्यांवर रिती केली. आई एवढेच म्हणाली, "माझ्यापुरती ठेवायचीस रे."

५. माझे दुखणे ऐकून मुंबईच्या मामांनी कुणाकडून तरी चिमूटभर माती मिळवून पाठवली आहे. दोघांना पुरणार नाही. ती आईची. आई म्हणते, "मी म्हातारी, मला दिसतंय कुठं? तूच घेऊन जा." मी गेल्यावर ती गुपचूप माझ्याच डोळ्यांवर घालील, म्हणून पुडी लाखेने बंद करून आज राजेसाबकडे दिली. तो म्हणाला, "आईनं मागितली तर न्हाय कसं म्हणू?" त्याने न्हायच म्हणावे.

६. माझ्या डोळ्यांवर इथलीच काळी माती घालावी. बाबांनी तो देश पाहिला होता. मी हीच पाहिली.

सोलापूर, बुधवार, ता. ११ फेब्रुवारी १९३१
सही: शालोम हसाजी झिराडकर

साक्षीदार (राजेसाबला हत्यारे मिळणार, म्हणून तो नाही):
१. गुरुसिद्धप्पा, शाळामास्तर
२. कासीम, शिंपी

कलम पाच व सहा आईला दोनदा वाचून दाखविले. कबुलीचा अंगठा मागितला. तिने हात पदराखाली घेतला. खाली जागा ठेवली आहे.

मिल्काबाईचा अंगठा: