खाऱ्या पाण्यात विकतचं मीठ

पूर्णेकाठ, ता. मलकापूर, जि. बुलढाणा
२४ एप्रिल

आदरणीय व्याही चंद्रशेखरराव यांना उत्तमरावाचा हात जोडून नमस्कार. विहीणबाईंना आम्हा दोघांचा नमस्कार सांगावा. आपल्या गुडघ्याचं कसं आहे? जिना चढवतो का आता? विहीणबाईंनी मागवलेली उडदाची डाळ निवडून ठेवली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवतो. इकडे सर्व बरे आहेत. म्हणजे मी बरा आहे, वच्छला बरी आहे, गाई बऱ्या आहेत, केळी उन्हानं थोडी करपली पण सावरेल. फक्त एकाची तब्येत बिघडली आहे, आणि त्याच्यासाठीच हा कागद हाती घेतला. तो म्हणजे आमचा नवा स्विमिंग पूल. फोन का केला नाही, असं आपल्याला वाटेल. आपल्या घरी फोन आला की तो स्पीकरवर पडतो आणि नात छकुली सगळ्यांत आधी येऊन उभी राहते. ही गोष्ट नेमकी तिच्यापासूनच लपवायची आहे, तेव्हा पत्र आपण एकट्यानं वाचावं ही विनंती.

मागच्या मे महिन्यात नात महिनाभर राहायला म्हणून आली आणि सहा दिवसांत परत गेली, हे आपल्याला माहीत आहे (उरलेले दिवस ती आपल्याकडेच होती). सहाव्या दिवशी दुपारी ओसरीत बसून तिनं मला विचारलं, ‘‘आबाजी, नानांकडे पूल आहे. तुमच्याकडे काय आहे?’’ मी दोन वेळा सरपंच होतो. भर ग्रामसभेत कोणी काही विचारलं तरी मला कधी उत्तर सुचलं नाही असं झालं नाही. त्या दिवशी मात्र मी गोठ्याकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं आणि पुन्हा गोठ्याकडे पाहिलं. आपण रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, त्यातून सोसायटीच्या पुलाचे प्रमुख, गळ्यात शिट्टी घालून काठावर उभे राहता. त्या फोटोंचा मला राग आला नाही. आला होता, पण आठेक महिन्यांत गेला. मग मी आमच्या चिरंजीवांना, गजेंद्रला कळवून टाकलं की पोरीला पूलच हवा असेल तर तो तिच्या आबाजीकडेही असेल, आणि गोठ्यामागे खोदायला सुरुवात केली.

आता मिठाकडे येतो. दिवाळीत आपणच म्हणाला होतात की मिठाच्या पाण्याचा पूल उत्तम, डोळे चुरचुरत नाहीत. मी त्याचा अर्थ असा घेतला की मीठ असलं म्हणजे क्लोरीन नको. आणि मनातून फार सुखावलो, कारण आमचा हा सगळा खारपाण पट्टा. बोअरचं पाणी असं की डाळ शिजत नाही आणि पाहुणा चहा अर्धा ठेवतो (आपणही ठेवला होतात, वच्छलेच्या लक्षात आहे). वाटलं, जन्मभर ज्या पाण्याला नावं ठेवली ते एकदाचं कामाला आलं. पूल भरला, मिठाच्या पाण्याचं यंत्र बसवलं, बटण दाबलं, तर त्यावर लाल दिवा लागला. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, पाण्यात मीठ कमी आहे, आठ पोती टाका. मी त्याला तीन वेळा विचारलं की तू कोणत्या जिल्ह्याशी बोलतो आहेस ते तुला ठाऊक आहे ना. शेवटी ट्रॅक्टरवर पोती घालून आणली, तर गाव रस्त्यावर येऊन पाहत होतं. वच्छला फाटकातच उभी. ‘‘पानी खारंच हाये ना आपलं? मंग मीठ काऊन आनून राह्यले?’’ मी म्हणालो, आपल्या पाण्यात खार आहे पण जसं हवं तसं मीठ नाही. ती म्हणाली, ‘‘हाव, आता खारातबी जात पाहा.’’ मलाच ते पटलं नव्हतं, मी पोती उतरवायला लागलो.

पोती ओतली, हिरवा दिवा लागला, तेव्हा यंत्राबरोबरचं पुस्तक उघडलं (आधी उघडायला हवं होतं, हे आपण म्हणायच्या आधी मीच म्हणतो). पहिल्याच पानावर लिहिलंय की हे यंत्र मिठापासून क्लोरीन तयार करतं. म्हणजे ज्याच्यापासून पळालो तेच यंत्र लावून घरी तयार करत बसलो! पुढे लिहिलंय की काम झाल्यावर क्लोरीनचं पुन्हा मीठ होतं. चंद्रशेखरराव, आपण पस्तीस वर्षं हे शिकवलंत म्हणून विचारतो. मिठाचं क्लोरीन होणार, क्लोरीनचं मीठ होणार, तर मधल्या मधे यंत्र काय करतं? त्यातून मोटर चालू असली तरच क्लोरीन बनतं, आमच्या शेताच्या लाइनीला वीज येणार आठ तास, आणि बनलेलं क्लोरीन दुपारचं ऊन खाऊन टाकतं. इथे चव्वेचाळीस डिग्री चालू आहे. ऊन क्लोरीन खातं हे मी मान्य केलं, कारण आमच्याकडे ऊन काहीही खातं. बोअरच्या पाण्यातला चुना यंत्राच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो तो वेगळाच.

तरी इथवर सगळं ताब्यात होतं. पुस्तकात म्हटलंय की क्लोरीन एक ते तीनच्या मधे ठेवा, रोज तपासा. तपासायची पेटी मिळाली. तिच्यात दोन नळ्या. एकीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळं होतं, ते क्लोरीन. दुसरीत लाल होतं, ते आंबट-खारट काय ते. आमच्या ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकणारा दीपक यातला जाणकार, म्हणून त्याला बोलावलं. पेटी उघडून पाहिल्याबरोबर वच्छला म्हणाली, ‘‘हे तं हळदीकुंकवाचं करंडं हाये.’’ आणि तिथेच तिच्या डोक्यात आलं की एवढं मोठं पाणी घरी आलं आणि जलपूजन केलंच नाही. शेजारच्या जनकाबाई गावात अशा कामात पुढे असतात, त्यांच्या कानावर गेलं, आणि शुक्रवारी सकाळी चाळीस बाया काठावर. विहिरीला पाणी लागलं की जे करतात ते सगळं झालं. नारळ फुटला, झेंडू सोडले, तांदूळ सोडले, आणि चाळीसही जणींनी चिमूट चिमूट म्हणत हळद वाहिली. जनकाबाईंनी चिमूट मोजली नाही, वाटीच पालथी केली. मी म्हणालो, बाई, हे पाणी औषधाचं आहे. त्या म्हणाल्या, ‘‘हळद काय इख हाये काय, भाऊ?’’ समोर चाळीस बाया. हात जोडले आणि प्रसाद घेतला.

दुसऱ्या दिवशी दीपकनं नळी भरली, थेंब टाकले, आणि उन्हात धरली. असं पिवळं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दीपक म्हणाला, ‘‘काका, क्लोरीन तं लय हाये. एवढ्यात पोरगी उतरली तं कातडं निघंल.’’ मी धावत यंत्राकडे गेलो. ते साठ टक्क्यांवर होतं ते दहावर आणलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पिवळं, मी बंदच केलं. चौथ्या दिवशी पाणी किंचित हिरवं दिसलं. मला वाटलं, निळ्या फरशीवर पिवळं क्लोरीन, म्हणून हिरवं दिसत असेल (शाळेत चित्रकलेत मला बरे गुण होते). आठव्या दिवशी पायरी दिसेनाशी झाली, तरी नळी पिवळीच. शेवटी वच्छला आली, तिनं स्टीलच्या वाटीत पुलाचं पाणी घेतलं, एकही थेंब न टाकता, आणि माझ्यापुढे धरलं. तेही पिवळं. तळाला बोट फिरवून बोटाला लागलेली पूड दाखवली. ‘‘थेंब टाकाच्या आंदीच पिवळं हाये. हे काय क्लोरीन हाये? हे जनकाबाईची हळद हाये.’’ मी दीपककडे पाहिलं, दीपकनं ट्रॅक्टरकडे पाहिलं. म्हणजे पाणी शेवाळानं हिरवं झालं होतं, त्यात क्लोरीनचा थेंब नव्हता आणि मी आठवडाभर ते कमी करत होतो.

तेव्हापासून जो येतो तो सल्ला देतो आणि प्रत्येकाचा वेगळा. तुरटी, चुना, गुळाचं पाणी, एकानं तर पुलात म्हैस उतरवायला सांगितलं. कोणाचं ऐकावं ते मला कळत नाही, म्हणून आपल्याला सगळं सविस्तर कळवलं. बाकी काही नाही. सहज म्हणून.

कळावे, प्रकृतीस जपावे.

आपला
उत्तमराव

ता. क. सहज नाही. छकुलीची सुट्टी तीन मेला लागते. तिला दहा दिवस तिकडेच थांबवा, गाडीचं तिकीट मिळत नाही म्हणून सांगा. आणि आपण स्वतः शुक्रवारच्या गाडीनं मलकापूरला उतरा, मी जीप घेऊन स्टेशनावर असेन. पाणी कसं निळं करायचं ते मला हाताला धरून शिकवा. गावात सांगू, इवाई (म्हणजे आपण) आमरसाला आले. आपल्याकडे हे मागताना मला किती जड जातंय ते आपण ओळखालच. पण खरं सांगतो, मला भीती वाटते. पोरगी हे पाणी पाहील आणि या वेळी सहा दिवससुद्धा थांबणार नाही.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. वाचू नये. मी पाकीट आणायला गेलो तेवढ्यात वच्छलेनं छकुलीला व्हिडिओ कॉल लावून हिरवं पाणी काठापासून तळापर्यंत दाखवलं. दाखवता दाखवता मोटरीजवळच्या गिट्टीवरून टिटवी अंगावर धावून आली. पाहिलं तर गिट्टीत चार अंडी. आमचा पूल तिनं तळं समजून पसंत केला आहे. छकुली शाळा सुटल्याबरोबर येते आहे आणि पिल्लं बाहेर निघेपर्यंत, म्हणजे चार आठवडे, हलणार नाही. पाण्यात उतरणार नाही, लांब खाटेवर बसून पाहणार. तिचा हुकूम आहे की मोटर लावायची नाही, पाणी साफ करायचं नाही, निवळलं तर टिटवी जाईल. नानांसाठी निरोप आहे की तुमच्या पुलात काहीच राहत नाही (शब्द तिचे आहेत. मी फक्त दोनदा ऐकले). आपण या, जरूर या, शिट्टी मात्र घरी ठेवा, अंडी उबताहेत. एकच शंका उरली, ती उलट टपाली कळवावी. पाणी चार आठवडे असंच हिरवं टिकवायचं असेल तर क्लोरीन किती ठेवायचं? पुस्तक दोनदा चाळलं, त्यात सगळे उपाय दुसऱ्या बाजूचेच दिले आहेत.